गाडी रात्री उभी कुठे असते?

आमच्या पेठेत एका दुमजली घराच्या वरच्या खिडकीतून रोज रात्री दहाच्या सुमारास एक काळी वायर खाली सोडली जाते. पूर्वी अशाच खिडक्यांतून दोरीला बांधलेली पिशवी खाली यायची आणि भाजीवाला तिच्यात कोथिंबीर टाकायचा. आता वायरच्या टोकाला एक्स्टेन्शन बोर्ड असतो. त्यावर दुधाची रिकामी पिशवी रबरबँडने चढवलेली असते आणि खाली बोळात भिंतीला खेटून उभ्या असलेल्या स्कूटरचा चार्जर त्यात खोचला जातो. स्कूटर वरच्या भाडेकरूची. घरमालक भाड्याशिवाय महिन्याला तीनशे रुपये 'गाडीच्या लाइटचे' म्हणून वेगळे घेतात. सकाळी दूधवाला यायच्या आत वायर वर ओढली जाते, कारण एकदा तो तिच्यात अडकून पडला होता. जुलैत साताऱ्याचा पाऊस आडवा यायला लागला की ही वायर आठ-आठ दिवस खाली येत नाही आणि भाडेकरू मुकाट्याने चालत स्टँड गाठतो.

या खिडकीपासून फार तर तीन-चार किलोमीटरवर पुणे-बंगळुरू महामार्ग आहे. महामार्गावरच्या मोठ्या हॉटेलांच्या आवारात कपाटाएवढे फास्ट चार्जर दिसू लागलेत. पुण्याहून कोल्हापूरला निघालेलं कुटुंब तिथे गाडी लावतं. मिसळ आणि चहा आटोपेपर्यंत, म्हणजे पाऊण-एक तासात, बॅटरी ऐंशी टक्क्यांवर येते आणि मंडळी पुढे निघतात. त्यांना विचाराल तर ती सांगतील, साताऱ्याला चार्जिंगची झकास सोय आहे. वायर सोडणाऱ्याला विचाराल तर तो म्हणेल, साताऱ्यात कसली सोय? दोघंही खरंच बोलतात. प्रश्न एवढाच आहे की शहर कोणाचं उत्तर ऐकून कामाला लागणार.

मला असं दिसतं की सार्वजनिक चार्जिंग हा आपण पेट्रोल पंपासारखा प्रश्न धरून बसलोय. पंपावर जायचं, रांग लावायची, भरायचं, निघायचं. पेट्रोलला ते भाग आहे. ते घरी साठवता येत नाही आणि साठवूही नये. विजेचं तसं नाही. वीज आधीच प्रत्येक गल्लीत, प्रत्येक खांबावर येऊन थांबलेली आहे. गाडीही दिवसातले वीस-बावीस तास नुसती उभी असते. या दोन गोष्टींची गाठ जिथे पडेल तिथे चार्जिंग व्हायला हवं. म्हणजे हा मुळात पार्किंगचा प्रश्न आहे आणि छोट्या शहरात तो सोडवणं नगरपालिकेचं काम आहे. खाजगी कंपनीची वाट बघत बसलो तर ती हायवेवरच येणार. तिचंही चुकत नाही, गिऱ्हाईक तिथे आहे.

ज्याचा बंगला आहे, अंगणात गाडी आहे, त्याला यातलं काहीच लागत नाही. शाहूपुरीत किंवा गोडोलीत स्वतःच्या फाटकाआड गाडी लावणाऱ्याने पंधरा अँपियरचा एक सॉकेट काढून घेतला की काम झालं. स्कूटरच्या बॅटरीत तीन-चार युनिट वीज मावते. रात्री लावली की सकाळी भरलेली. कारला तसल्याच सॉकेटवर दहा-बारा तास लागतील, पण रोज कोणी तिनशे किलोमीटर फिरत नाही. अशा माणसाला सार्वजनिक चार्जर महिन्यातून एखाद्या वेळी, तोही परगावी लागतो. सार्वजनिक चार्जरची खरी गरज आहे ती ज्याला फाटक नाही त्याला: पेठेतला भाडेकरू, वाड्याच्या वाटण्या होऊन दोन खोल्या वाट्याला आलेलं कुटुंब, पार्किंग नसलेल्या जुन्या अपार्टमेंटमधले लोक, रिक्षावाला. आणि नेमकं यांना डोळ्यांसमोर ठेवून केलेलं नियोजन मला कुठल्याच कागदावर ठळक दिसत नाही.

कागद बघू. २०२१ च्या जुलैमध्ये राज्याचं विद्युत वाहन धोरण जाहीर झालं. २०२५ पर्यंत कुठे किती सार्वजनिक चार्जर हवेत याची त्यात यादी होती. बृहन्मुंबई १५००, पुणे ५००, नागपूर १५०, नाशिक १००, औरंगाबाद ७५, अमरावती ३०, सोलापूर २०. यादी सोलापूरपाशी संपली. सातारा, सांगली, लातूर, जळगाव, रत्नागिरी यांतलं एकही नाव तिच्यात नव्हतं. चार महामार्ग पूर्ण सज्ज करायचे होते, तेही मुंबई-पुणे, मुंबई-नाशिक, नाशिक-पुणे आणि मुंबई-नागपूर. आमचा महामार्ग त्यात नव्हता. तरी तो बऱ्यापैकी सज्ज झाला, कारण तिथे धंदा होता. शहर मात्र यादीतही नाही आणि धंद्यातही नाही.

२०२५ मध्ये नवं धोरण आलं, २०३० पर्यंतचं, १,९९३ कोटींच्या तरतुदीचं. त्यात द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर विजेच्या कारना टोलमाफी आहे. राष्ट्रीय महामार्गांवर दर पंचवीस किलोमीटरला चार्जिंगची सोय करायची आहे. चांगलंच आहे, मी टोलमाफीच्या विरुद्ध कशाला बोलू. पण बघा, इथेही भर रस्त्यावरच आहे. माणूस प्रवासाला निघाला की सरकारला दिसतो. घरी येऊन गाडीला स्टँड लावला की दिसेनासा होतो.

शहरांसाठी केंद्राचा २०२४ पर्यंत एक निकष होता: तीन किलोमीटर लांब आणि तीन किलोमीटर रुंद चौकोन आखायचा आणि अशा प्रत्येक चौकोनात किमान एक चार्जिंग स्टेशन ठेवायचं. नकाशावर हे फार नेटकं दिसतं. पण राजवाड्यापासून पोवई नाका जेमतेम दोन किलोमीटर. राजपथ, खालचा रस्ता, सगळ्या पेठा, मोती चौक आणि एसटी स्टँड धरूनही जुनं सातारा अशा एका चौकोनात बहुतेक मावून जाईल. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख २० हजार होती. २०२० च्या हद्दवाढीनंतर ती आणखी वाढली. एवढ्या वस्तीला एक स्टेशन दिलं की निकष पूर्ण व्हायचा, अहवालात टिकमार्क. माझ्या भाडेकरू शेजाऱ्याने रात्री दहा वाजता त्या एका स्टेशनपर्यंत जायचं, स्कूटर लावायची, तिथेच तीन-चार तास माश्या मारायच्या आणि मग परत यायचं, असा तो हिशोब होता. मुंबईसाठी शिवलेला सदरा होता हा. आमच्या अंगावर तो एकाच वेळी ढगळही व्हायचा आणि तोकडाही पडायचा.

आता फास्ट चार्जरच्या अर्थकारणाकडे येऊ, कारण 'शहरात चार-पाच फास्ट चार्जर बसवा' ही मागणी नेहमी सगळ्यात मोठ्या आवाजात होते. साठ किलोवॉटचा चार्जर, त्याला लागणारी ट्रान्सफॉर्मरची डीपी, केबल, शेड, सगळं धरून खर्च पंधरा-वीस लाखांच्या घरात जातो. तो चोवीस तास चालला तर १,४४० युनिट देऊ शकतो. छोट्या शहराच्या आतल्या भागात त्याला दिवसाला दोन गाड्या मिळाल्या आणि प्रत्येकीने पंचवीस युनिट घेतले तर झाले पन्नास युनिट, म्हणजे क्षमतेच्या साडेतीन टक्के. एवढ्यावर वीजजोडणीचा खर्चही सुटत नाही, मग देखभालीला माणूस कुठून ठेवणार? पहिल्या पावसाळ्यात स्क्रीन बंद पडते, केबल कोणीतरी कापून नेतं, आणि ते कपाट तिथे वर्षभर जाहिरातीचे पोस्टर चिकटवण्याच्या कामी येतं. अनुदान देऊन चार्जर बसवता येतो. गिऱ्हाईक मात्र अनुदानातून येत नाही.

केंद्राने विजेच्या गाड्यांना प्रोत्साहन देणाऱ्या फेम योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात तेल कंपन्यांना ८०० कोटी रुपये देऊन पंपांवर ७,४३२ चार्जर बसवायचं ठरवलं, तेव्हा विचार हाच होता: पंप आहेच, जागा आहेच, लावून टाका. हायवेच्या पंपावर ते ठीक. पण गावातल्या पंपावर दीड-दोन तास गाडी लावून माणसाने करायचं काय? तिथे ना बसायला बाक, ना चहा. हवा भरून घ्या आणि निघा, अशी ती जागा.

मागच्या वर्षी एका पाहुण्याच्या कारसाठी आम्ही शहरातला एक चार्जर शोधत गेलो होतो. कोणाचा, कुठला ते सोडून देतो. ॲपवर हिरवा ठिपका, 'उपलब्ध' असं लिहिलेलं. पोहोचलो तर समोर एक पेट्रोलची गाडी आडवी लावलेली. रखवालदाराने शिट्ट्या मारल्या, पंधरा मिनिटांनी गाडीवाला आला, जरा रुसूनच गाडी काढली. मग कळलं की या चार्जरला त्याच कंपनीचं ॲप लागतं आणि त्यात आधी किमान अमुक रुपये भरून ठेवावे लागतात. भरले. ओटीपी आला नाही. आला तेव्हा मशीन म्हणालं, संपर्क तुटला. रखवालदार म्हणाला, "साहेब, हे सकाळी चालतं. संध्याकाळी व्होल्टेज पडतं ना." त्याचं निदान कंपनीच्या हेल्पलाइनपेक्षा अचूक निघालं. शेवटी पाहुण्याची गाडी माझ्या मेव्हण्याच्या पोर्चमध्ये रात्रभर लावली आणि प्रश्न मिटला. सरकारी आकडेवारीत तो चार्जर त्या दिवशीही एक 'उपलब्ध सार्वजनिक चार्जर' म्हणून मोजला गेला असणार.

म्हणून म्हणतो, चार्जर मोजून काही कळत नाही. देशात २०२४-२५ या आर्थिक वर्षात विजेच्या दुचाकी अकरा लाखांवर विकल्या गेल्या आणि कार एक लाखाच्या आसपास. साताऱ्यासारख्या शहरात तर हे पारडं दुचाकीकडे आणखी झुकलेलं असणार. आमच्याकडे मुलगी कॉलेजला, आजोबा दवाखान्याला आणि सिलेंडर घरी, सगळं दुचाकीवरच जातं. दुचाकीचा घरगुती चार्जर साधारण आठशे वॉट ओढतो, म्हणजे इस्त्रीपेक्षाही कमी. एका साठ किलोवॉटच्या फास्ट चार्जरच्या भारात पंचाहत्तर स्कूटर एकाच वेळी लागतात. आणि पैशात बघायचं तर दुचाकी-तिनचाकीसाठीच्या साध्या, स्वस्त चार्जिंग पॉइंटचं भारतीय मानक केव्हाच तयार झालंय. ते करताना एका पॉइंटची किंमत साडेतीन हजारांच्या आत ठेवायचं लक्ष्य होतं. त्यात मीटर, पेटी, अर्थिंग, पावसापासून आडोसा आणि मजुरी धरून पंधरा-वीस हजार लावा. एका फास्ट चार्जरच्या पैशात असे शंभर पॉइंट होतात. शंभर! मंगळवार पेठ, शनिवार पेठ, यादोगोपाळ, चिमणपुरा यांच्यात वाटले तरी प्रत्येकीला बरेच येतात.

ही कल्पना नवी नाही, निदान साताऱ्याला तरी नवी वाटू नये. यवतेश्वराच्या डोंगराकडून खापरी नळांनी आणलेलं पाणी या गावात पेठांमधल्या हौदांपर्यंत यायचं. घरोघर नळ नव्हता. तरी पाणी घ्यायला कोणी डोंगरावर गेलं नाही. हौद पेठेत होता. नंतर नगरपालिकेने कोपऱ्याकोपऱ्यावर नळकोंडाळी बांधली. जो श्रीमंत होता त्याने घरात नळ घेतला आणि बाकीच्यांनी कोंडाळ्यावर घागरी लावल्या. भांडणं झाली, तोट्या चोरीला गेल्या, शेवाळ साठलं. पण म्हणून 'कोंडाळं नको, एक मोठी टाकी हायवेवर बांधू' असं कोणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. मला हवंय ते विजेचं नळकोंडाळं: एका कोपऱ्यावर सात-आठ सॉकेट, प्रत्येकाला झाकण, मोबाइलने पैसे भरले की चालू होणारं मीटर आणि खाली दुचाकी लावायला आखलेली जागा.

इथे केरळचा दाखला देणारे भेटतात. मीही द्यायचो. तिथल्या राज्य वीज मंडळाने २०२१ मध्ये कोळिकोडला दहा खांबांवर दुचाकी-रिक्षांसाठी चार्जिंग पेट्या बसवल्या आणि मग राज्यभर हजाराच्या वर बसवल्या, प्रत्येक विधानसभा मतदारसंघात किमान पाच. खांब आधीच उभा, तार आधीच ओढलेली, नवी जागा नको. कल्पना देखणी आहे. पण पुढे त्यातल्या कित्येक पेट्यांना गिऱ्हाईक मिळेना. कारण मला त्या 'मतदारसंघात किमान पाच' या शब्दांत दिसतं. मतदारसंघ आमदाराचा असतो, गाड्यांचा नसतो. केरळात घराभोवती आवार असण्याची पद्धत. रात्री गाडी आवारात आणि खांब मुख्य रस्त्यावर. जिथे गाडी मुक्कामाला नाही तिथे खांब आहे, आणि जिथे मुक्काम आहे तिथे घरचा सॉकेट आहे. आमच्या पेठांत उलट आहे. घर रस्त्याला चिकटलेलं, ओट्याखाली गटार, गटारापलीकडे गाडी, आणि गाडीपासून हातभर अंतरावर महावितरणचा नाहीतर पालिकेचा खांब. केरळची पेटी तिथे पडून राहिली म्हणून इथेही पडून राहील असं म्हणणं घाईचं आहे. पण ती इथेही डोळे मिटून, प्रभागात अमुक इतक्या अशी वाटली तर मात्र नक्की पडून राहील.

दिवसाच्या मुक्कामाचीही एक गोष्ट आहे आणि ती तर आणखी सोपी आहे. एसटी स्टँडच्या पार्किंगला सकाळी सात वाजता जाऊन बघा. कराडला, पुण्याला, कोरेगावला नोकरीला जाणारी माणसं तिथे दुचाकी लावतात आणि पावती खिशात घालून बस पकडतात. गाडी संध्याकाळपर्यंत तिथेच. रेल्वे स्टेशन तर गावाबाहेर माहुलीला. तिथे लावलेली गाडी कधी कधी दोन दिवस हलत नाही. एमआयडीसीतल्या कारखान्यांचे पार्किंग, जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, न्यायालय, कॉलेजं, सगळीकडे हेच. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सकाळी नऊ ते दुपारी चार या 'सौर तासां'त चार्जिंग स्टेशनला वीज सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट दराने मिळावी आणि इतर वेळी १.३ पट दराने. म्हणजे वीज सर्वांत स्वस्त असते तेव्हा हजारो गाड्या पावती लावून उन्हात उभ्या असतात. पे अँड पार्कच्या ठेक्याच्या अटींमध्ये एक ओळ वाढवायची आहे: एवढ्या गाड्यांमागे इतके सॉकेट. ठेकेदार कुरकुर करेल. पावतीमागे पाच-दहा रुपये जास्त मिळतील म्हटल्यावर कुरकुर थांबेल.

एसटीच्या ताफ्यात २०२२ पासून विजेवरची 'शिवाई' बस धावू लागली, तेव्हापासून आगारांत विजेची मोठी जोडणी नेण्याचं काम कुठे ना कुठे चालूच आहे. जिथे बसगाड्यांसाठी उच्चदाबाची लाइन येतेच, तिथे आगाराच्या भिंतीच्या बाहेरच्या बाजूला रिक्षांसाठी चार पॉइंट काढायला किती अडचण असावी? तांत्रिक फारशी नाही. खात्यांची आहे. आतली भिंत एसटीची, बाहेरचा फुटपाथ पालिकेचा, तार महावितरणची, आणि रिक्षाचा थांबा आरटीओच्या यादीतला. चौघांची एक बैठक व्हायला आमच्याकडे पालकमंत्र्यांचा दौरा लागतो.

रिक्षावाल्यांबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण या सगळ्यात ज्याच्या पोटाचा प्रश्न आहे तो एकटा तोच. नोकरदाराची स्कूटर बंद पडली तर तो लिफ्ट मागतो. रिक्षाची बॅटरी दुपारी दोनला संपली तर शाळा सुटायच्या वेळचा धंदा गेला. तो हायवेवर जाऊन चार्ज करणार नाही. जाण्यायेण्यातच दोन भाडी बुडतात. तो थांबतो ते थांब्यावर आणि जेवतो तेही बहुधा तिथेच, डबा उघडून. थांबा अधिकृत आहे, त्याची जागा आखलेली आहे, रिक्षा तिथे रांगेत उभ्या असतात. चार्जिंगसाठी याहून योग्य जागा शोधूनही सापडणार नाही. राजवाड्यापाशी आणि पोवई नाक्यावर दुपारच्या वेळात तासभर जरी वीज मिळाली तरी संध्याकाळ निघून जाते. पण थांब्यावर चार्जर असं म्हटलं की लगेच वाहतुकीला अडथळा होईल असा आक्षेप येतो. रिक्षा तिथे उभी असताना अडथळा नव्हता, तिला वायर लावल्यावर कसा झाला, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

आता विरोधातले मुद्दे. ते पोकळ नाहीत.

पहिला मुद्दा पैशाचा. रस्त्यांवर खड्डे आहेत, कचरा पडून आहे, आणि पालिकेने लोकांच्या गाड्यांना वीज का पुरवायची? ज्याला लाखाची स्कूटर परवडते त्याने सोय बघावी. हा प्रश्न मला दोन रात्री सतावत होता. पण वीज फुकट द्यायची नाहीये. कोंडाळ्यावर मीटर आहे. पालिकेने द्यायची ती जागा आणि आखणी. केंद्राच्या सूचनांमध्ये तर सरकारी जागा युनिटमागे एक रुपयाच्या वाट्यावर चार्जिंगसाठी देण्याची सोय केव्हाचीच आहे. तो रुपया पालिकेच्याच तिजोरीत येईल. आणि साधनांसाठी पंतप्रधान ई-ड्राइव्ह योजनेत सार्वजनिक चार्जिंगला २,००० कोटी ठेवलेत, ज्यातून देशभर सुमारे ७२ हजार चार्जरचं लक्ष्य आहे आणि त्यातले ४८,४०० दुचाकी-तिनचाकींसाठी आहेत. पुन्हा वाचा: दोन तृतीयांश दुचाकी-तिनचाकींसाठी. दिल्लीत बसून कोणीतरी हे बरोबर ओळखलंय. प्रस्ताव मात्र खालून जावा लागतो आणि आमच्याकडून जातो तो हायमास्टचा.

दुसरा मुद्दा भाराचा. पेठेतली डीपी आधीच कण्हतेय, उन्हाळ्यात कूलर आणि एसी लागले की फ्यूज उडतो, त्यात गाड्या कुठून आणता? हे खरं आहे, आणि वायरमनला विचाराल तर तो याहून वाईट गोष्टी सांगेल. पण मध्यरात्रीनंतर त्याच डीपीवरचा भार बराच उतरलेला असतो. वीस स्कूटरचे सोळा किलोवॉट रात्री बारा ते पाचमध्ये विभागून घेणं हे साध्या टायमरचं काम आहे. आज खिडकीतून सोडलेल्या वायरी मात्र कुठल्याच टायमरवर नाहीत. त्यातल्या कित्येक संध्याकाळी सातला, सगळ्यात वाईट वेळेला, घरगुती मीटरवर, बहुधा अर्थिंगशिवाय लागतात. भार तर आलेलाच आहे. तो मोजलेला नाही, इतकंच.

तिसरा मुद्दा चोरीचा आणि नासधुशीचा. होईल. नळाच्या तोट्याही गेल्या होत्या. म्हणून कोंडाळं अशा ठिकाणी हवं जिथे कोणाची तरी नजर असते: किराणा दुकान, व्यायामशाळा, गणेश मंडळाचं कार्यालय. मंडळांना वर्षभर काही काम नसतं आणि वीज जोडायचा अनुभव दांडगा असतो. त्यांच्याकडे देखरेख द्यावी, युनिटमागे काही पैसे द्यावेत. वर्गणीपेक्षा हे बरं. (मंडळवाले मित्र रागावतील, रागावोत.)

दराबद्दल मात्र माझी तक्रार वर दिल्लीकडे आहे, खाली पालिकेकडे नाही. २०१८ मध्ये केंद्राने खुलासा केला की चार्जिंग ही विजेची विक्री नसून सेवा आहे, म्हणून तिला परवाना नको. उत्तम निर्णय, त्यामुळे कोणीही स्टेशन काढू शकतो. पण सेवा म्हटल्यावर तिला १८ टक्के जीएसटी लागतो. घरच्या मीटरवरच्या विजेला जीएसटी नाही. परिणाम असा की अंगणवाला घरच्या दराने गाडी भरतो आणि ज्याला अंगण नाही तो फास्ट चार्जरवर युनिटला वीस रुपयांच्या आसपास देऊन वर कर भरतो. गरिबाला महाग हा बाजाराचा जुनाच नियम आहे. निदान दुचाकी-रिक्षांच्या संथ चार्जिंगला तरी तो कर नसावा. हे नगराध्यक्षांच्या हातात नाही, पण खासदारांना सांगता येतं.

बिल्डर लोकांविषयी एकच. नव्या इमारतींत ठरावीक टक्के पार्किंग चार्जिंगसाठी सज्ज हवं, असा नियम आहे. प्रत्यक्षात 'सज्ज' म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला एक रिकामा पाइप. भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी त्या पाइपात तार आणि तारेत वीज आहे का, हे टेस्टर लावून बघायला किती वेळ लागतो? इंजिनिअर बघत नाहीत, कारण बघा असं त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

हे सगळं सातारा जिल्ह्यात घडतंय, याचं मला जास्त वाटतं. राज्याला १,९६० मेगावॉट देणारं कोयनेचं धरण याच जिल्ह्यात आहे. ठोसेघरला पावसाळी सहलीला जाताना चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या फिरताना दिसतात. पाटणकडच्या वनकुसवड्यावर तर त्यांची रांगच आहे. डोंगरमाथ्यावर वाऱ्याची वीज, डोंगराच्या पोटात पाण्याची वीज, आणि पायथ्याच्या शहरात एका माणसाची स्कूटर दुधाच्या पिशवीने झाकलेल्या बोर्डावर. इलेक्ट्रिक कार पसरणी घाट उतरताना थोडी वीज परत बॅटरीत भरून घेते. महाबळेश्वरहून येणारे पर्यटक हे कौतुकाने सांगतात. आम्हालाही कौतुक आहे.

राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांवर कित्येक वर्षं प्रशासक बसले होते. २०२५ च्या डिसेंबरात निवडणुका झाल्या आणि प्रभागांना पुन्हा नगरसेवक मिळाले. त्यांच्याकडे माझी मागणी एकाच रात्रीच्या कामाची आहे. सल्लागार नेमू नका, सादरीकरण नको, नकाशावर चौकोन तर अजिबात आखू नका. पालिकेचा एक विद्युत अभियंता, महावितरणचा एक वायरमन आणि तुम्ही स्वतः, असे तिघं रात्री अकरानंतर आपल्या प्रभागातून चाला. कुठल्या गल्लीत किती दुचाकी आणि रिक्षा रस्त्यावर मुक्कामाला आहेत, त्यातल्या किती विजेच्या, जवळचा खांब किती अंतरावर, आणि किती खिडक्यांतून वायर खाली आलीय, एवढं वहीत लिहून घ्या. एक प्रभाग दोन तासांत होतो. मी आमच्या पेठेपुरता एकदा चाललोय. वही न्या, टॉर्च न्या आणि शनिवार पेठेच्या तोंडाशी पोहोचाल तेव्हा खिशात दोन-चार बिस्किटं असू द्या. तिथली कुत्री अनोळखी माणसाला, विशेषतः वही घेतलेल्या माणसाला, सहजासहजी पुढे सोडत नाहीत.